एम३ वर व्हिसोफ्लेक्स आणि २०० ची टेलीट: कुठंच शार्प येईना

वडगावकर

नमस्कार मंडळी. माझे थोरले काका बेळगावात फोटोग्राफर होते, लग्नं, शाळांचे ग्रुप फोटो, शिवजयंतीच्या मिरवणुकीतले चित्ररथ, सगळं काढायचे. दिवाळीच्या आधी ते वारले आणि काकूंनी त्यांची कॅमेऱ्याची पत्र्याची पेटी माझ्याकडं दिली, म्हणाल्या तुलाच ह्यातलं कळतंय तूच ठेव. आत लायका एम३ आहे, ५० ची लेन्स आहे (ती मस्त चालते, दोन रोल मारून बघितले), आणि तळाला मऊ कापडात गुंडाळलेली एक काळी वस्तू, बाजूला एक दांडी, वर प्रिझम. शोधल्यावर कळालं ते व्हिसोफ्लेक्स ३, म्हणजे कॅमेरा आणि लेन्सच्या मध्ये बसवायचं आरशाचं खोकं (हाऊसिंग). सोबत टेलीट २०० एफ ४, म्हणजे लांबचं जवळ दाखवणारी २०० मिलिमीटरची लेन्स, लांब नळी, चांगली वजनदार, काच एकदम स्वच्छ, बुरशीचा ठिपका पण नाही.

अडचण अशी आहे की हे सगळं एम३ वर चढवून डोळा लावला तर उजेड येतो, चित्र येतं, पण कुठंच शार्प होईना. आमच्या गच्चीवरनं येळ्ळूरगड दिसतो. फोकसची रिंग इन्फिनिटीला (सगळ्यात लांबच्या खुणेला) ठेवून गडाकडं धरलं तर सगळं धुकं, डोंगर कुठं संपतो आणि आभाळ कुठं सुरू होतं ते पण कळत नाही. मग रिंग उलटी फिरवत ३ मीटरच्या टोकाला आणली तेव्हा गडाची कड जरा ओळखू यायला लागली, पण शार्प नाहीच. समोरच्या घराची खिडकी, आंब्याचं झाड, अंगणातली सायकल, काहीच कुठल्याच आकड्यावर जमत नाही. लेन्सला मागं स्क्रूचे आटे आहेत आणि हाऊसिंगला बायोनेट (फिरवून अडकवायची खाच), म्हणून फिल्मच्या डबीत मिळालेली एक पातळ रिंग मध्ये घातलीय, ती दोन्हीकडं बरोबर बसते.

एका दुकानात दाखवलं तर आरसा हललाय म्हणाले, उघडावा लागेल, नीट होईलच असं नाही. काकांनी इतकी वर्षं जपलेली वस्तू अशी उघडून द्यायला मन होईना. पुढच्या महिन्यात धुपदाळला पक्षी बघायला जायचंय, तिथं ही लेन्स न्यायची फार इच्छा आहे. खरंच आरसा हलला असेल का? आणि एक साधी शंका, २०० ची लेन्स एम३ वर सरळच का लावत नाहीत, हे आरशाचं खोकं मध्ये कशाला?

निपाणी_फिल्म

तुमच्या काकांना आधी नमस्कार. वस्तू फार भारी आहे, विकू नका.

माझ्या मते आरसा नसेल, वरचा ग्राउंड ग्लास (ज्या घासलेल्या काचेवर चित्र दिसतं ती) कुणीतरी काढून उलटा बसवला असेल, तसं झालं की फोकस चुकतो. नाहीतर सरळ लेन्सला अॅडाप्टर घेऊन मिररलेस डिजिटल कॅमेऱ्यावर लावा, ह्या जुन्या लेन्स त्यावर चांगल्या चालतात आणि फोकस मोठा करून बघता येतो. खोक्याची भानगडच नको.

लेथवाला_उद्यमबाग

आरशाला हात लावू नको गा, आणि ग्राउंड ग्लास पण काढू नकोस. तू लिहिलंयस त्यातच उत्तर आहे.

बघ, कुठलीही लेन्स जवळचं दाखवायला पुढं सरकते आणि लांबचं दाखवायला मागं येते. आता तुझा गड कधी बरा दिसायला लागला? रिंग ३ मीटरकडं नेल्यावर, म्हणजे लेन्स पुढं गेल्यावर. म्हणजेच लेन्स मुळात फिल्मच्या फारच जवळ बसलीय, तिला अजून पुढं जायचंय आणि रिंगेत तेवढी जागाच नाही. आरसा किंवा काच थोडी हलली असती तर गड नाही पण सायकल तरी कुठल्यातरी आकड्यावर शार्प आली असती. सगळंच जाणार नाही. निपाणीवाल्या दादांनी म्हटलेलं काच उलटी बसण्याचं होतं कधीकधी, पण त्यात फरक काचेच्या जाडीएवढा, एखाद-दुसऱ्या मिलिमीटरचा. इथं बरंच काहीतरी मोठं गायब आहे.

ते काय आहे तेही सांगतो. एम कॅमेऱ्यात बायोनेटपासून फिल्मपर्यंत २७.८ मिलिमीटर. व्हिसोफ्लेक्स २ आणि ३ त्यात ४१ ची भर घालतात, झाले ६८.८. पण तुझी टेलीट आहे ती जुन्या व्हिसोफ्लेक्स १ च्या मापानं बनवलेली, म्हणून तर तिला स्क्रू आहे. ते जुनं हाऊसिंग जाड होतं, ६२.५ मिलिमीटरचं, आणि स्क्रूच्या कॅमेऱ्याचं अंतर २८.८, म्हणजे ती लेन्स फिल्मपासून ९१.३ वर बसायला पाहिजे. तुझ्याकडं ६८.८ अधिक त्या पातळ रिंगेचा १ मिलिमीटर, ६९.८. वजा कर, साडेएकवीस मिलिमीटर कमी पडतायत. २०० ची लेन्स ३ मीटरपर्यंत आणायला साधारण १५ मिलिमीटर पुढं न्यावी लागते, म्हणजे तू रिंग पूर्ण फिरवलीस तरी सहा-सात मिलिमीटर कमीच राहणार, आणि गड "जरा ओळखू येतोय" एवढ्यावरच थांबणार. तू लिहिलंयस अगदी तसंच.

लायकानं ह्यासाठीच एक नळीसारखी रिंग काढलेली, नंबर १६४६६, जुनं नाव ऊबिओ. साडेबावीस मिलिमीटर लांब, पुढं स्क्रू मागं बायोनेट. तुझ्या पेटीतली पातळ रिंग साध्या स्क्रू लेन्स एम बॉडीवर लावायची आहे, आटे तेच असल्यामुळं बसते, म्हणून फसायला झालं. काकांकडं खरी रिंग नक्की असणार, पेटीत सगळीकडं बघ, लेन्सच्या कॅपला चिकटून असेल.

आता आत्ताच्या आत्ता एक कर. पातळ रिंग आणि लेन्स काढ, हाऊसिंगच्या तोंडापुढं लेन्स हातानं धर, दोन बोटं अंतर ठेवून, इन्फिनिटीवर, आणि गडाकडं बघत हळूहळू पुढंमागं कर. कडेनं उजेड शिरेल म्हणून भोवती काळं कापड गुंडाळ. शार्प आलं तर तुझा आरसा एक नंबर आहे.

दुसरी शंका, सरळ का लावत नाहीत. एम३ चं फोकस रेंजफाइंडरवर चालतं, तो लेन्समधनं बघत नाही, दोन खिडक्यांतल्या अंतरावर अंदाज घेतो. एम३ मध्ये ते अंतर ६८.५ मिलिमीटर, फाइंडर ०.९१ पटीचा, हातात राहतात सुमारे ६२. एवढ्यावर १३५ पर्यंत जमतं, त्यापुढं थोडी चूक झाली की फोटो गेला. आणि फाइंडरमधली फोटोची चौकट पण बघ, एम३ मध्ये ५०, ९०, १३५ एवढ्याच, १३५ ची चौकटच मधे पोस्टाच्या तिकिटाएवढी, २०० ची काढली असती तर काय दिसलं असतं? झाइसनं १९३६ ला कॉन्टॅक्ससाठी १८० एफ २.८ ची सोनार रेंजफाइंडरला जोडून केली होती, तीसुद्धा पुढं आरशाच्या खोक्यावर आली, फ्लेक्टोस्कोप म्हणायचे त्याला. लायकाचं पहिलं खोकं त्याच्याही आधी, १९३५ ला, प्लूट नावाचं, २०० एफ ४.५ टेलीटच्या सोबत. म्हणजे लेन्समधनं प्रत्यक्ष दिसेल तसंच फिल्मवर येणार, अंदाज नाही, चौकट चुकणार नाही. निकॉन आणि कॅननच्या जुन्या रेंजफाइंडरलापण अशी खोकी होती.

वडगावकर

अण्णा तुमचे पाय धरावेसे वाटतायत. केलं तुम्ही सांगितलं तसं. काकूंचा काळा ब्लाउजपीस गुंडाळला, गच्चीच्या कठड्यावर कोपर टेकवलं, लेन्स हातात धरून पुढं न्यायला लागलो आणि एका जागी धुकं फाटल्यासारखं झालं, गडाच्या तटाची दगडं, बुरुजावरचं गवत, आणि एक माणूस पायवाटेनं वर चढत होता, तो पण. बायको म्हणाली एवढं काय झालं, तिला दाखवलं तर ती पण गप्प झाली.

खरी रिंग मात्र सापडली नाही. पेटी, कपाट, माळा सगळं धुंडाळलं. काकू म्हणाल्या काकांनी कुणालातरी वापरायला दिली असणार, द्यायची सवय होती त्यांना. बाहेरून मागवायची म्हटलं तर महिना जाईल. तुम्ही लेथवाले आहात म्हणून विचारतोय, बनवता येईल का?

खानापूरचा_पाऊस

मध्येच विचारतो, रागावू नका. माझ्याकडं निकॉनची जुनी १३५ आणि २०० पडून आहे, एसएलआरची (आतच आरसा असलेल्या कॅमेऱ्याची). व्हिसोफ्लेक्स मिळालं तर त्या लावता येतील का?

लेथवाला_उद्यमबाग

खानापूरकर, नाही जमणार. निकॉनची लेन्स फिल्मपासून ४६.५ वर बसायला बनवलेली, व्हिसोफ्लेक्सचं तोंडच ६८.८ वर आहे. ती लेन्स आधीच बावीस मिलिमीटर पुढं जाणार, मग फक्त जवळचं दिसेल, लांबचं कधीच नाही. टी२ माउंटच्या (अॅडाप्टर बदलून वेगवेगळ्या कॅमेऱ्यांवर लावायच्या) लेन्सलासुद्धा तीच अडचण, तिचं अंतर ५५. ह्याच्या उलटं मात्र चालतं, व्हिसोफ्लेक्सची लेन्स रिंग घालून एसएलआरवर किंवा मिररलेसवर, कारण तिथं जागा शिल्लक राहते. पेंटाकॉन सिक्स ह्या मोठ्या फिल्मच्या कॅमेऱ्याच्या लेन्सला अंतर ७४ च्या वर आहे, त्या बसू शकतात व्हिसोफ्लेक्सवर, मध्ये पाच मिलिमीटरच्या आसपास रिंग करून. हे एक अंतर कळालं की जुन्या सामानातली अर्धी कोडी सुटतात.

वडगावकर, करून देतो. बायोनेटची बाजू करत बसायचं नाही, ते तीन कान आणि खाच मिलिंगवर काढायला वेळ जातो आणि चुकलं तर हाऊसिंगला ओरखडे. तुझी ती पातळ रिंग आहे ना, तीच मागं राहू दे, तिच्यात बसेल असा स्पेसर करायचा. एका टोकाला बाहेरचे आटे, दुसऱ्या टोकाला आतले, मधे खांद्यापासून खांद्यापर्यंत २१.५.

आट्यांचं मात्र ऐक, कारण दुसरीकडं कुठं करून घेतलंस तर इथंच घोळ होतो. लायकाचा स्क्रू ३९ मिलिमीटर व्यासाचा आहे पण पिच (दोन आट्यांमधलं अंतर) मिलिमीटरमधली नाही, इंचाला २६ आटे, म्हणजे ०.९७७. पोरं १ मिलिमीटर पिच लावून कापतात, दोन आटे छान जातात, तिसऱ्याला जड, चौथ्याला अडकतं, मग जोर लावला की लेन्सचे आटे खराब. चेंज गिअर बदलून २६ लावायचे आणि तुझी लेन्स समोर ठेवूनच शेवटचे कट घ्यायचे, थोडं कापून लावून बघायचं, परत थोडं. म्हणून लेन्स घेऊनच ये. दोन्ही तोंडं एकाच पकडीत फेस (सपाट) करतो, पकड सोडून उलटी धरली की तिरकं होतं, आणि तिरकं झालं तर फोटोची डावी बाजू शार्प आणि उजवी मऊ.

लांबीत थोडं इकडंतिकडं झालं तरी काळजी नको, कारण आपण रेंजफाइंडरवर नाही, काचेवर बघून फोकस करतोय. पाव मिलिमीटर मी मुद्दाम कमीच ठेवणार, म्हणजे रिंग इन्फिनिटीच्या जरा अलीकडं गड शार्प येईल, जास्त झालं तर गड कधीच येणार नाही. आतून बारीक आटे फिरवून मॅट काळा रंग देऊ, गुळगुळीत ठेवलं तर उन्हात फोटो पांढरट होतो. अॅल्युमिनियम घेऊया, पितळ जड होईल आणि सगळा भार त्या पातळ रिंगेवर येईल. शनिवारी दुपारनंतर ये, मशीन मोकळं असतं.

घटप्रभेकाठी

वडगावकर दादा, धुपदाळला येताय म्हणून लिहिते. मी गोकाकची, बाबांचं व्हिसोफ्लेक्स २८० टेलीटसोबत वापरते, चार हिवाळे झाले. रिंग झाली म्हणजे काम संपलं असं नाही, दांडीचं समजून घ्या.

ती बाजूची दांडी आधी आरसा उचलते आणि मग तिच्या टोकाची पिन कॅमेऱ्याचं बटण दाबते, एकामागोमाग. पिन स्क्रूवर वरखाली होते. ती जास्त खाली असेल तर आरसा पूर्ण वर जायच्या आतच शटर सुटतं आणि फोटोची एक कड काळी येते. मला पहिल्या रोलला असंच झालं, छत्तीसच्या छत्तीस. फिल्म न घालता, तळाची प्लेट काढून मागची झडप उघडा, पांढऱ्या भिंतीकडं तोंड करून १/३० ला दाबून मागून बघा, पूर्ण चौकोन उजळला पाहिजे. नाही दिसला तर पिन अर्धा फेरा वर. खूप वर नेली तर शटर सुटणारच नाही, हेही लक्षात ठेवा.

बाजूला आरशाची चकती आहे, त्यात आरसा झटकन जायचा, हळू जायचा किंवा वरच राहायचा असं ठेवता येतं. हातात धरून काढणार असाल तर झटकनवालं, पिशवीवर टेकवून काढणार असाल तर हळूवालं, हादरा कमी बसतो. मी दोन किलो जोंधळ्याची पिशवी नेते, बंधाऱ्याच्या कठड्यावर टाकायची आणि त्यावर लेन्सची नळी ठेवायची, ट्रायपॉडपेक्षा मला तेच बरं पडतं. हाऊसिंग धरून भार उचलू नका, लेन्स धरा.

काच अंधारी वाटेल. काचेच्या मधोमध फोकसला मदत करणारा छोटा प्रिझम वगैरे काही नाही, साधी घासलेली काच, डोळ्याला सवय व्हायला दोन मिनिटं द्या. फोकस नेहमी लेन्स पूर्ण उघडी ठेवून करा, मग अॅपर्चर हातानं एफ ८ ला आणा, ते आपोआप बंद होत नाही. हे विसरायला फार होतं, पक्षी उडायच्या गडबडीत मी कितीतरी फोटो उघड्यावरच काढलेत. तुमच्याकडं प्रिझमवाला फाइंडर आहे ते चांगलं, त्यात चित्र सरळ दिसतं. उभा भिंगवाला असेल तर डावंउजवं उलटं दिसतं आणि उडणाऱ्या पक्ष्यामागं कॅमेरा चुकीच्या बाजूला जातो.

पक्षी म्हणाल तर हिवाळ्यात डेमॉइझेल क्रेन आणि पांढरे स्टॉर्क येतात, अभयारण्य त्यासाठीच ओळखलं जातं. सकाळी सातला पाण्याकडेच्या चिखलात असतात. आरशाचा आवाज पहिल्यांदा झाला की सगळ्या माना एकदम वर होतात, दहा मिनिटं थांबा, परत खाली जातात. तो माना वर झालेला क्षण पण चांगला असतो, दुसरा फोटो लगेच तयार ठेवा. ४०० ची फिल्म, १/५००, एफ ८, ऊन वर आल्यावर एफ ११. २०० मध्ये पक्षी लहान येईल, त्याचं वाईट वाटून घेऊ नका, पाणी, बंधारा, मागचं धुकं सगळ्यासकट काढा.

आणि आरसा कधीच पुसायचा नाही, कापडानं पण नाही, बोटानं तर नाहीच. त्याचा थर काचेच्या वरच्या बाजूला असतो, एक पुसणं आणि ओरखडा कायमचा. फक्त फुग्यानं वारा.

निपाणी_फिल्म

लेथवाल्या अण्णांचं बरोबर होतं, माझं चुकलं. मिररलेसचं बोललो ते पण मागं घेतो, ताईंचं वाचून मलाच आता एक बघायचं आहे.

वडगावकर

तीन आठवड्यांनी लिहितोय, आधी फोटो धुवून हातात येऊ देत म्हटलं.

शनिवारी उद्यमबागला गेलो. अण्णांनी लेन्स आधी पाच मिनिटं नुसती हातात घेऊन बघितली, आटे भिंगातनं बघितले, मग गिअर बदलले. शेवटच्या दोन कटांना ते प्रत्येक वेळी मशीन थांबवून, ब्रशनं चुरा झाडून, लेन्स दोन बोटांनी हलकी फिरवून बघत होते. शेवटी ती अडथळ्याशिवाय खांद्यापर्यंत गेली आणि बारीक "टक्" आवाज झाला. पैसे घेतले नाहीत, कुंदा घेऊन गेलो तेवढा घेतला. अण्णा पुढच्या वेळी मी ऐकणार नाही.

गच्चीवर येऊन गड बघितला. इन्फिनिटीच्या खुणेच्या थोडं अलीकडं शार्प, म्हणाले होते तसंच. ताई, तुमची भिंतीची तपासणी केली तर खरंच वरची पट्टी काळी येत होती, पिन पाऊण फेरा वर घेतली, मग पूर्ण चौकोन उजळला. हे कळालं नसतं तर अख्खा रोल गेला असता आणि मी परत आरशालाच दोष दिला असता.

धुपदाळला पहाटे पोचलो. जोंधळ्याची पिशवी काकूंनीच शिवून दिली. अॅपर्चर दोनदा विसरलो. एचपी५ फिल्म घरीच धुतली, ३६ पैकी ११ चांगले आलेत, त्यातला एक माना वर झालेला आहे, नऊ क्रेन, सगळ्यांच्या माना एकाच बाजूला, आणि मागं बंधाऱ्यावरनं पडणाऱ्या पाण्याची पांढरी रेघ. निगेटिव्ह भिंगाखाली धरलं तर सगळ्यात पुढच्या पक्ष्याच्या डोळ्यामागची पांढरी पिसं वेगवेगळी मोजता येतात.

त्याचा आठ बाय दहाचा प्रिंट काढून काकूंना दिला. स्पेसर आता लेन्सवरच कायम ठेवलाय, आणि पेटीच्या झाकणाच्या आतून कागद चिकटवलाय: "२०० ची रिंग, काढू नये, कुणाला दिली तर इथं नाव लिहावे."